आठाचे तीन

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. मनात ठेवलं तर पित्त होतं आणि तोंडाने बोललं तर घरात महाभारत होतं, म्हणून कागदावर.

आजपासून सुनेच्या दातांच्या दवाखान्यात बसायला लागले. तिथे बाहेर बसणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली, दुसरी मिळेना, आणि मी निवृत्त झाल्यापासून घरात भिंतींना उपदेश करत होते. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बस ना तू. तुलाही बरं वाटेल." तो बोटीवर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रात. तिथून सल्ले द्यायला काय जातं.

बसायला माझी ना नाही. आयुष्य लेबर वॉर्डात गेलं, शेवटची दहा वर्षं हेड सिस्टर म्हणून. एक बाक, एक टेबल आणि एक टेलिफोन मला जड नाही. डोकं फिरलं ते सुनेने दिलेल्या कामाने.

म्हणाली, "आई, रूट कॅनलला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचं. आत्ता किती दुखतंय? काहीच नाही म्हणजे शून्य, सहन होण्यापलीकडे म्हणजे दहा. आणि तो आकडा आत येऊन मला सांगायचा."

"आणि तू त्याचं काय करणार? लोणचं?"

ती हसली नाही. तिला विनोद कळत नाही असं नाही, कामाच्या जागी ती हसत नाही. म्हणाली, ज्याला आधीच खूप दुखत असतं त्यालाच दाताची नस काढल्यानंतरही जास्त दुखतं. हे आधी कळलं तर त्याला सुरुवातीलाच गोळी द्यायची, जास्त वेळ टिकणारं भुलीचं इंजेक्शन द्यायचं, दात थोडा घासून कमी करायचा म्हणजे चावताना वरचा दात त्याच्यावर आपटत नाही, आणि संध्याकाळी तिने स्वतः फोन करायचा. पाच किंवा त्याच्या वर सांगितलं की हे सगळं.

"मग सगळ्यांनाच दे की."

"सगळ्यांना नाही देता येत. कुणाला पोटाचा त्रास, कुणाच्या किडन्या नाजूक. आणि ओठ रात्रीपर्यंत बधिर राहिला की माणसं स्वतःचाच गाल चावतात. ज्याला लागेल त्यालाच द्यायचं."

ऐकून घेतलं. पण दुखतंय का, दुखतंय का, असं विचारत बसलं तर न दुखणाऱ्यालाही दुखायला लागेल. वॉर्डात मी हे कुणाला कधी विचारलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज पहिला नमुना. कापडाच्या दुकानाचा मालक. मोबाइलवर कुणालातरी झापत झापत आत आला, बाकावर पाय पसरून बसला. किती दुखतंय म्हटल्यावर म्हणाला, "आठ. नऊ म्हणा ना." नऊ म्हणे. नवाचं दुखणं असलेला माणूस फोनवर भाव करत बसतो? नऊ मी पाहिलेत. नवाला बाई खाटेची दांडी वाकवते.

आत जाऊन सांगितलं, "चार."

खोटं नाही बोलले. माझ्या अनुभवाने जितकं होतं तितकं सांगितलं. सुनेला आकडा हवा होता, तिला आकडा मिळाला, आणि तोही पारखून. भाजीवालीसुद्धा सडकी भाजी बाजूला काढून मग तराजूत घालते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

माणसं दातासाठी इतकी का रडतात? एक बाई तर दार उघडण्याआधीच मुसमुसत होती. सात म्हणाली. मी तीन सांगितलं. पाठोपाठ एक गवंडी आला, गाल सुजून भोपळा झालेला, आणि म्हणतो, "असेल चार." आवडला मला. त्याचं जसंच्या तसं सांगणार होते, पण चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती, म्हणून दोन सांगितलं. संध्याकाळी सून म्हणाली, "आई, गाल एवढा सुजलाय आणि दोन?" म्हटलं, कष्टाची माणसं अशीच असतात.

आपल्या दातांबद्दल बोलायचं तर मी आजही सकाळी डाव्या बाजूने जेवले. उजवीकडे काहीतरी अडकतं. त्याचा गाजावाजा करायचा नसतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते. कडक इस्त्री, नमस्कार, "सिस्टर, आपण कुठे नोकरीला होतात?" वगैरे. सात म्हणाले, तेही लाजत. अशी माणसं वाढवून सांगत नाहीत. सातच सांगितलं. सुनेने गोळी दिली, तासभर बसवून ठेवलं, मग आत घेतलं. संध्याकाळी तिने फोन केला तर म्हणाले, जेवून फिरायला निघालोय. सून इतकी खुलली की चिंगीला, म्हणजे माझ्या नातीला, उचलून गोल फिरवलं. नऊ वर्षांची घोडी, कुणी उचलतं का.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बस डेपोतली एक पोरगी आली होती. निळं जाकीट, नखांना जांभळा रंग, एक हात गालावर आणि दुसऱ्यात मोबाइल. बसल्या बसल्या पाय हलवत होती.

"किती दुखतंय?"

"आठ." मग थोडं थांबून, "नाही, आठच. मावशी, उद्या माझी मोठी गाडी चालवायची परीक्षा आहे. डेपोत मी गाड्या धुते, पण आता ड्रायव्हरच्या जागा निघाल्यात. तोपर्यंत बरं वाटेल ना?"

"मावशी नाही. सिस्टर म्हणायचं."

डोळे लगेच भरले. एवढ्याशा बोलण्याने जिचे डोळे भरतात तिच्या आठाची किंमत मला विचारा. बस चालवणार म्हणे. पुढे माणूस आडवा आला तर ही स्टिअरिंग सोडून रडायची.

तीन सांगितलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दवाखान्याचा फोन हल्ली माझ्याकडे असतो. अजून उजाडायचं होतं तेव्हा वाजला. तीच पोरगी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दाताला जीभ लागली तरी कळ मस्तकात जाते, डॉक्टरांना देता का.

सून झोपली होती. काल उशिरापर्यंत काम करत होती. मी म्हटलं, "नस काढलीय, थोडं होणारच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर आणि मन दुसरीकडे लाव. वयात आलेली मुलगी तू, असं रडत नाहीत."

ती "बरं" म्हणाली. पाहा, म्हणजे बोलल्यावर थांबलं. वॉर्डातही असंच व्हायचं.

सुनेला सांगितलं नाही. ऊठसूट तिला काय सांगायचं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज सून जेवली नाही. चिंगी झोपल्यावर टेबलाशी डोकं धरून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "आई, माझं काहीतरी चुकतंय. सगळं उलटं होतंय. ज्यांनी दोन, तीन, चार सांगितलं तीच माणसं परत येऊन ओरडतायत. तो गवंडी, तो कापडवाला. कापडवाल्याने तर सगळ्यांदेखत मला ऐकवलं, जायचं होतं कसायाकडे, चुकून तुमच्याकडे आलो म्हणून. आणि सात सांगणारे पोस्टमास्तर मजेत फिरतायत. म्हणजे आधीच्या दुखण्यावरून पुढचं काही कळत नाही. मी उगाच लोकांना आकडे विचारत बसलेय."

मी म्हटलं, "हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली. "बंद करते या महिन्यानंतर."

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण तिचं ताट झाकून ठेवताना सारखा कापडवाल्याचा राग येत होता. एवढं शिकलेल्या बाईला कसाई म्हणायची त्याची हिंमत कशी झाली? पुन्हा आला की दाखवते त्याला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज वही उघडणार नव्हते. तरी लिहिते.

बसवाली पोरगी दुसऱ्या खेपेला आली. माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ आत गेली. दार पुढे लोटलेलं होतं, पूर्ण लागलं नव्हतं. सून तिला म्हणत होती, "मागच्या वेळी तीनच होतं, तरी एवढं का दुखलं कळत नाही." आणि ती पोरगी म्हणाली, "तीन? मी आठ सांगितलं होतं. आणि पहाटे फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या रडू नकोस."

मी दाराशीच उभी राहिले.

पोरगी परीक्षेत नापास झालीय. झोप नाही, पोटात अन्न नाही, मागे घेताना गाडी मैदानात खुणेला ठेवलेल्या पिंपावर घातली. पुढची परीक्षा केव्हा निघेल ते कुणाला माहीत नाही. हे तिने सुनेला सांगितलं, कुरकुर न करता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

शेवटचा पेशंट गेल्यावर सून बाहेर आली. हातमोजेही काढले नव्हते.

"आई, ती किती म्हणाली होती?"

"तुला कळलंय तर विचारतेस कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"आठ म्हणाली. मला तीन दिसलं, तीन सांगितलं. माझी नजर काल-परवाची नाही."

"दुखणं तिचं. तुम्हाला ते दिसणार कुठून?"

"सगळं दिसतं मला. तुझ्या वयाइतक्या बायका बाळंत केल्यात मी दर महिन्याला."

"अजून कुणाकुणाचं कमी केलंत?"

मी सांगितलं. लपवायला मी काही चोरी केली नव्हती. गवंडी, कापडवाला, रडणारी बाई, आणि मधले किती ते आठवतही नाहीत. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही. इतकी वर्षं या मुलीचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता, तो आज ऐकला.

"मी स्वतःला मूर्ख ठरवून बसले होते. तुमच्यासमोर बसून म्हणत होते, माझं चुकतंय, माझं चुकतंय. आणि तुम्ही माझं ताट झाकत होतात."

"आवाज खाली कर."

"नाही करणार. चिंगीच्या वेळी केला होता. तुमच्याच वॉर्डात, तुम्ही माझ्या उशाशी. मी म्हटलं, आई, सहन होत नाही, काहीतरी द्यायला सांगा त्यांना. तुम्ही दार उघडून बाहेर तुमच्या मुलाला सांगितलंत, 'मजेत आहे. आमची सून आहे ती, आवाजसुद्धा काढला नाही तिने.' मला आत ऐकू आलं ते. त्यानंतर मी आवाज काढणार कसा?"

हे काय आहे? नऊ वर्षं ही बाई हे मनात धरून माझं ताट वाढतेय? मी ते कौतुकाने म्हटलं होतं. सगळ्या वॉर्डाला अभिमानाने सांगितलं होतं. कौतुकाचीही अशी परतफेड होणार असेल तर आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला.

दवाखान्याची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत घरी आले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

घरात आवाज फक्त चिंगीचा. सून तिला सांगते, "आजीला विचार, दूध हवंय का." मी चिंगीला सांगते, "आईला सांग, नको." पोरगी दोघींच्या मध्ये टपाल वाटून कंटाळली, शेवटी म्हणाली, "मी फोन देऊ का तुम्हा दोघींना?"

वॉर्डाबद्दल बोलणं सोपं आहे. सोळा खाटा आणि आम्ही दोघी. डॉक्टर बोलावल्याशिवाय येत नसे आणि बोलावलं तर चिडत असे. त्याच्या सहीशिवाय दुखण्याचं औषध कपाटातून निघत नसे. हात धरून "देवा, काहीतरी द्या" म्हणणाऱ्या बाईला मी काय देणार होते? "तुला काही दुखत नाहीये" एवढंच माझ्याजवळ होतं, ते मी देत होते. एक ओरडली की सगळ्या ओरडतात. सूनबाईंनी एक पाळी करून दाखवावी तिथे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उजवीकडची दाढ. आता लिहायला हरकत नाही, घरात कुणी विचारणार नाहीये. महिनाभर गरम-गार लागत होतं, कालपासून ठोके पडतायत.

सुनेकडे जाणं शक्य नाही. बाजारातल्या चौकातल्या त्या मोठ्या दवाखान्यात गेले. दारावर हातभर अक्षरांत "वेदनारहित उपचार". डॉक्टर तरणा, हसरा, चटपटीत. मला काहीही विचारलं नाही. दाढेचा फोटो काढला, म्हणाला, नस काढावी लागेल, करून टाकू आजच. सुई टोचली, गाणी लावली, आणि मी घड्याळाकडे बघेपर्यंत "झालं, मावशी. घरी जाऊन आराम करा."

सिस्टर म्हणायला सांगणार होते, पण तोंड वाकडं झालेलं.

याला म्हणतात काम. आकडे नाहीत, फोन नाहीत, चौकशा नाहीत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

भूल उतरली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. दात मिटवता येत नाहीत. मिटले की ती दाढ आधी लागते, आणि लागली की डोळ्यांपुढे पांढरं होतं. म्हणून तोंड किंचित उघडं ठेवून बसायचं, खुळ्यासारखं. कान, कानशील, मान, सगळा उजवा भाग दुसऱ्याच कुणाचा झालाय आणि तो दुसरा माझ्यावर भयंकर चिडलेला आहे.

चौकातल्या दवाखान्यात फोन केला. बाई म्हणाली, "एवढं दुखत नाही कुणाला. गुळण्या करा."

मी फोन आपटला. एवढं दुखत नाही कुणाला म्हणजे काय? मी कुणी नाही? तिला काय माहीत मला किती दुखतंय? तिने पाहिलंय का मला? तिथे टेबलाशी बसून तिने ठरवलं?

पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरातच बसले. पाणी प्यायचं राहिलं.

शनिवार, १ मार्च

सकाळी बशीत दूध ओतून पीत होते. सून आली, समोर उभी राहिली. मी बशी खाली ठेवली पण तोंड मिटलं नाही, मिटता येत नव्हतं. तिने पाहिलं.

"कुणाकडे केलंत?"

सांगितलं.

"चपला घाला."

तेवढंच. दवाखाना उघडला, दिवा लावला, खुर्चीत बसवलं. या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले. छताला ओलीचा डाग आहे, तो तिथे पडल्यावरच दिसतो. इतकी माणसं तो डाग बघत पडली असतील.

तिने हातमोजे घातले आणि थांबली. विचारायला लाजत होती. मला कळलं, म्हणून मीच म्हटलं, "नऊ."

तिने मान हलवली आणि कामाला लागली. माझा नऊ तिने पारखून पाहिला नाही. वाकवलेली दांडी मागितली नाही. नऊ म्हटल्यावर नऊ. एवढ्यानेच मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. संताप कशाचा ते आत्ताही सांगता येत नाही.

पातळ निळा कागद दातांत धरायला लावला, काढून पाहिला. म्हणाली, "त्यांनी आतलं काम चांगलं केलंय, आई. दोष देऊ नका. दाढ उंच राहिलीय आणि आधीपासून ठणकत होती, एवढंच. त्यांनी विचारलं असतं तर..." पुढचं वाक्य तिने गिळलं. माझ्यावर दया करून गिळलं, हे मला आवडलं नाही.

पोटाला पित्ताचा त्रास आहे का, रक्तदाबाची कोणती गोळी घेता, सगळं विचारून मग औषध दिलं. सुई टोचली. दाढ घासली, थोडी, अगदी थोडी. मग म्हणाली, "आता मिटा."

मिटलं.

मी तशीच बसून राहिले. ती हत्यारं धूत होती, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "तुला त्या दिवशी किती होतं?"

"कुठल्या दिवशी?"

"चिंगीच्या."

"सांगून आता काय उपयोग," ती म्हणाली, आणि नळ बंद करून दिवा मालवायला गेली. आकडा दिला नाही. मागत बसले तरी मिळणार नाही, असं दिसतंय.

रविवार, २ मार्च

मुलाचा फोन. सुनेने सांगितलं असणार. "काय गं आई, दात तर आहे. तू एवढी हळवी कधीपासून झालीस?"

मी त्याला म्हटलं, "तू बोटीवर बसून ठरवू नकोस."

"अगं, गंमत केली."

"करू नकोस. आणि बायकोशी बोलताना तर मुळीच करू नकोस."

तो म्हणाला, "हे तूच शिकवलंस की आम्हाला. गुडघा फुटून घरी आलो तरी म्हणायचीस, काही झालेलं नाही." वर हसला. मला हसू आलं नाही. फोन सुनेकडे दिला आणि चिंगीला घेऊन बाहेर गेले. परत आले तरी ती बोलतच होती, दार लावून. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं.

मंगळवार, ४ मार्च

दवाखान्यात नवी मुलगी बसवलीय. मला विचारलं नाही, कळवलं. आकडे विचारणं बंद केलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेय. "नव्या मुलीला सांगितलंय," सून म्हणाली, "जे ऐकशील तेच बोलायचं." मी इथेच भाजी निवडत होते. टोमणा होता की नाही, कळलं नाही. असला तरी गिळला. दाढ आता बरी आहे, गिळता येतं.

सून दवाखान्यात आणि मी घरी, पुन्हा भिंतींशी. राग येतो तो भिंतींना सांगावा म्हटलं तर त्यांना सगळं ऐकून पाठ झालंय.

शुक्रवार, ७ मार्च

बस डेपोत गेले होते.

कुणाला सांगून गेले नाही. फाटकावरच्या माणसाने कोण हवंय विचारलं, नाव माहीत नव्हतं. म्हटलं, गाड्या धुते ती, जांभळी नखं. त्याने आवाराच्या टोकाला बोट दाखवलं.

ती बसच्या चाकांवर पाण्याची नळी मारत होती. गमबूट, तेच निळं जाकीट बाह्या वर सारलेलं. मला पाहिलं, ओळखलं, आणि नळी चालूच ठेवली. एवढ्या आवाजात बोलणार कसं, म्हणून मी थांबले. एक बाजू पूर्ण धुऊन झाल्यावर तिने पाणी बंद केलं.

"काय?"

येताना काय काय ठरवलं होतं. म्हटलं, "तू आठ सांगितलं होतंस. मी आत तीन सांगितलं."

"माहितीये. डॉक्टर बोलल्या."

"तुझी परीक्षा माझ्यामुळे गेली."

"हो."

तिने "असू दे" म्हणावं अशी माझी अपेक्षा होती की काय, देव जाणे. वॉर्डात मी कितीही बोलले तरी जाताना बायका पाया पडून जायच्या. ही नुसती उभी राहिली, हातातली नळी टपटप गळत.

"ओरडायचं असेल तर ओरड माझ्यावर," मी म्हटलं.

"मी ओरडत नाही," ती म्हणाली. "घरी सगळे तेच म्हणाले. एवढ्याशा दाताने कुणी परीक्षा घालवतं का, नाटकं करते, भीती वाटली असेल गाडीची. शेवटी मलाच वाटायला लागलं, खरंच भीती वाटली असेल. डॉक्टरांकडे तीन लिहिलंय म्हणजे तीनच असणार. आपल्यालाच सोसत नाही. अशा माणसाने बस कशाला चालवायची? म्हणून परवा पुढच्या परीक्षेचे अर्ज निघाले, तो भरलाही नाही."

मला राग आला. घरच्यांचा आला, तिने अर्ज भरला नाही याचा आला, त्या पिंपाचासुद्धा आला. आणि प्रत्येक वेळी तो फिरून माझ्याच दाराशी येऊन उभा राहिला, दुसरीकडे कुठे त्याला कुणी घरात घेईना.

"तुला भीती वाटली नव्हती," मी म्हटलं. "तुला आठ दुखत होतं. आठ दुखत असताना तू ती गाडी पिंपापर्यंत नेलीस. मला नऊ होतं तेव्हा मी स्वयंपाकघरातून उठले नाही."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली.

"तुमचा दात दुखला?"

"हो."

"घरी कोण होतं?"

"सून. तुझी डॉक्टर."

तिने नळीचं तोंड फिरवून पाहिलं, पाणी येतंय का.

"मी तुम्हाला फोन केला होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाजूला व्हा, पाणी उडेल."

मी बाजूला झाले. तिने दुसरी बाजू धुतली, मग मागची काच, मग पुढची बस घेतली. मी तिथेच, भिंतीला टेकून उभी होते. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. जा असंही म्हणाली नाही.